गाठीतला केस

गुंडूआबा अंगठी घ्यायला सराफाकडं गेले, तर सराफाच्या आधी अंगठीलाच दरडावून विचारतील, "खरं सांग, पितळ किती हाय?" असला माणूस. उत्तरेश्वर पेठेत त्यांना पाठीमागं शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, कारण आबा या टोकाला खाकरले की त्या टोकाचं रडणारं पोर गप्प व्हायचं. भाजीवाली वजन करताना ते काट्याकडं न बघता तिच्या करंगळीकडं बघत. एसटीत शेजारचा गोड बोलायला लागला की आधी खिसा चाचपत. देवळात गेले की एक पायताण या दाराला काढत आणि दुसरं त्या दाराला. जोडी मोडलेली चोर नेत नाही, हे त्यांचं शास्त्र.

पण माणसाला नावं ठेवण्याआधी त्याचा धंदा बघावा. आबा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन जाणारे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. आबा म्हणत, जगात दूधवाल्यावर कुणाचाच विश्वास नाही, म्हणून तर म्हैसच उचलून लोकांपुढं आणून उभी करायची पाळी आली. ज्याचा प्रपंच दुसऱ्यांच्या संशयावर चालला, त्याच्या अंगात थोडा संशय मुरला तर नवल कसलं? उभ्या जन्मात त्यांनी दुधात पाण्याचा थेंब घातला नाही. एकदा एकानं पेला उजेडाकडं धरून सहज विचारलं, "पाणी न्हाय न्हवं यात?" आबांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला, दूध समोरच्या कुत्र्याला पाजलं आणि त्या माणसाला पुन्हा कट्ट्यावर उभं राहू दिलं नाही. तो माणूस त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. पुढं कितीतरी भाऊबिजा कोरड्या गेल्या, पण आबा हटले नाहीत. ही गोष्ट कट्ट्यावर अजून सांगतात.

अशा माणसाचं उजवं अंग वैशाखातल्या एका सकाळी, सरकी भिजत घालता घालता, लुळं पडलं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून पाय सुधारला, वाकडं झालेलं तोंड जागेवर आलं. आवाज तर गेलाच नव्हता. उजवा हात मात्र परत आला तो पाहुण्यासारखा. घरात असायचा, पण काम सांगितलं की ऐकायचा नाही. बोटं मिटत, पण मूठ आवळत नसे. अंगठा तर नुसता बघत बसे. आणि धार काढणं म्हणजे सगळा मुठीचा आणि अंगठ्याचा खेळ.

गोठ्यात एके काळी दावण भरलेली असायची. आता एकटी सुंद्री होती, लांब शिंगांची, काळीभोर आणि मालकाइतकीच तिरसट. तिला आबांच्या हाताची सवय. आबांचा मुलगा सम्राट, शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला. तो एकदा धार काढायला बसला, तर सुंद्रीनं अशी लाथ झाडली की दुधाची चरवी एकीकडं आणि सम्राट शेणात. मग आबाच डाव्या हातानं कशीबशी काढू लागले. पण एका हातानं वेळ लागे, तोवर ती पान्हा आखडून घेई, दूध कासेत राही आणि कास सुजे. ज्येष्ठात एकदा त्यांनी मन घट्ट करून उजवा हात लावला. अंगठा सटकला, नख सडाला लागलं, सुंद्री बिथरली आणि होतं नव्हतं तेवढं दूध लवंडलं.  पुन्हा त्यांनी उजवा हात कासेजवळ नेला नाही. आणखी एकदा बिथरली, तर ती या हाताला जन्मात पान्हा सोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आबा, मुक्या जनावराचं हाल कशापायी?" सम्राट एक दिवस म्हणाला. "दसऱ्यापातूर हात आला तर आलाच. न्हायतर पिराजी हेडी यीऊन बघून जाऊ दे. चंदगडाकडं गिऱ्हाईक हाय म्हणालाय."

पिराजी गुरांचा दलाल. त्याचं नाव काढताच आबा गोठ्याकडं बघू लागले. सुंद्री जायची आणि ती चंदगडाच्या त्या धो धो पावसात! पण पोरगा रास्त बोलत होता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. 

हाताचा व्यायाम शिकवायला दवाखान्यातली अर्शी मॅडम घरी येई. सुई न टोचता बरं करणारी डॉक्टरीण आबांना पहिल्यापासून संशयास्पद वाटली. तिनं दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. मग तिनं सुचवलं, "आजोबा, दोऱ्याच्या गाठी मारा. बोटांना बारीक काम लागतं." आणि आबांची सून संयोगिता भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी घेऊन आली, लाल, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या.

संयोगिता मूळची आजऱ्याची. सकाळी बालवाडीत शिकवायची. भिंतीवर टांगायचं गाठींचं वॉल हँगिंग तिलाही येत नव्हतं. फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत सासरा-सून दोघं शिकू लागली. घराच्या पुढच्या सोप्यातल्या भिंतीच्या खिळ्याला बांबूची काडी अडकवायची, तिच्यावर दोरे दुमडून लोंबते सोडायचे. मग कडेचा एक दोरा घेऊन शेजारच्यावर दोन वेढे द्यायचे आणि वर ओढायचं, की झाली एक गाठ. असं एकेका दोऱ्यावरून पुढं जात तिरकी ओळ करायची. ऐकायला सोपं. आबा नेमका दुसरा वेढा विसरत आणि गाठ तोंड फिरवून बसे. कधी एवढी जोरात ओढत, की काठ आत येऊन मधे डमरूची कंबर होई.

"मामंजी, ताण सारखा ठेवायचा."

"म्हशीचं दावं वळण्यात हयात गेली माझी. मला ताण शिकवालीस?"

"दावं जाड असतंय. हे रेशमागत हाय."

पहिल्याच आठवड्यात भानगड झाली. हातभर कापलेले दोरे चार बोटं काम होईस्तोवर संपले. आबांनी घर डोक्यावर घेतलं. "दोरा कुणी कापला?" सुनेचा शिवणाचा डबा उलटा झाला, सम्राटच्या पँटचे खिसे तपासले गेले. शेवटी संयोगितानं त्यांच्यासमोर एक गाठ उकलली. एवढ्याशा गाठीतून केवढा तरी दोरा निघाला.

"गाठ दोरा खाती, मामंजी. लांब कापायला पायजे हुता. मलाबी ठाव नव्हतं."

"खाती? आनि ढेकर बी देत न्हाय?" आबा पुटपुटले. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून नवे दोरे घेतले, दोन्ही हात पसरून चांगले वावभर लांब, आणि मनाशी एक ठरवलं. हे वॉल हँगिंग ज्या दिवशी सरळ उतरेल, त्या दिवशी उजवा हात सुंद्रीला लावायचा. त्याआधी नाही.

आषाढातली एक दुपार. आबा जेवून आडवे झाले होते, पण डोळा लागला नव्हता. पडद्याच्या फटीतून बघतात तो काय, संयोगिता खिळ्यापुढं उभी. हातात सुई. आबांनी सकाळी मारलेल्या वाकड्या गाठी ती एकेक उकलत होती आणि पुन्हा नीट मारत होती.

आबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. जो माणूस दोऱ्याच्या तुकड्यासाठी घर डोक्यावर घेतो, तो ज्या दिवशी ओरडत नाही, त्या दिवशी समजावं की घाव खोल गेला. म्हणजे गेल्या काही दिवसांत ओळी सुधारत होत्या, त्या आपल्या नव्हत्याच! बालवाडीतलं पोर रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतात, तसा हा दोरा दिला होता. म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायचं आणि दसऱ्याला म्हैस बाहेर काढायची. सगळ्यांचं साटंलोटं. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं.

पण आबा पुराव्याशिवाय बोलणाऱ्यातले नव्हते. संध्याकाळी गोठ्यात जाऊन त्यांनी सुंद्रीच्या शेपटीचा एक लांब केस उपटून आणला. दिवसाची शेवटची ओळ संपवताना तो शेवटच्या गाठीत अडकवला आणि गाठ आवळली. कुणी गाठ सोडली की केस सुटणार. चोर सापडणार. मग रोजचा हाच नेम झाला, काम थांबवताना एक केस.

दुसऱ्या सकाळी बघितलं, केस जागच्या जागी. तिसऱ्या सकाळीही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, कुणी हात लावत नाही, आपणच चुकलो. आबांनी वेगळा अर्थ काढला. पुरावा सापडत नाही, म्हणजे चोर हुशार आहे. गाठ सोडते, पुन्हा मारते आणि केस परत अडकवते; ओळी पुन्हा वाकड्या दिसतात, त्याही संशय येऊ नये म्हणून मुद्दाम. शिकलेली बाई!

आणि एके दिवशी त्यांची खात्रीच पटली. संयोगिता हँगिंगवरची धूळ झटकायला गेली, मधेच थबकली, नाक लागेल एवढी वाकून तिनं गाठीकडं बघितलं आणि विंचू दिसल्यासारखी मागं सरली. कोपऱ्यात बसलेल्या आबांनी मनात म्हटलं, कळला हिला केस. डाव उघडा पडला.

त्या दिवसापासून सुनेचं वागणंच पालटलं. पूर्वी सोप्यात बसून केस विंचरायची, आता दार लावून विंचरू लागली. गुंता खिडकीतून टाकायची, तो कागदात गुंडाळून पिशवीत घालून बाहेर नेऊ लागली. दुपारचा चहा आबा डाव्या हातानं करत, सवयीनं तिच्यापुढं ठेवत. तो चहा तिनं मोरीत ओतताना त्यांनी स्वतः बघितला. उंबऱ्यावर लिंबू टांगलं गेलं. फोनवर आईशी हळू आवाजात बोलणं चाले, आणि आबांची काठी वाजली की विषय बदले. एकदा मात्र कानावर पडलंच, "आई, दसऱ्याच्या आदी कायतरी करायला पायजे."

दसऱ्याच्या आधी! आणखी काय पुरावा हवा? आबांनी गोठ्याला दुसरं कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

गंमत अशी, की या सगळ्या खदखदीत गाठी मारणं थांबलं नाही. उलट वाढलं. राग आला की माणूस हातात असेल ते आवळतो, आणि आबांच्या हातात दोरा होता. श्रावण गेला, भाद्रपद गेला. लाल ओळीखाली हिरवी, हिरवीखाली पिवळी, आणि जागोजागी काळे केस बाहेर डोकावत होते. काठ सरळ होत गेले. आबा ते बघत आणि जास्तच चिडत. बघा, किती सफाईनं करते!

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुवून पुजायची रीत. संयोगितानं सोप्यात पाट मांडला. सम्राटचे पाने, तिची कात्री, विळा, सुंद्रीचं दावं, घासूनपुसून लखलखीत केलेली चरवी. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, तर आबा खिळ्यावरचं हँगिंग काढून चरवीशेजारी ठेवत होते. काही झालं तरी त्यांनी त्यावर घाम गाळला होता.

"ते हितं ठेवू नगासा!" संयोगिता एवढ्यानं ओरडली की ताटातलं कुंकू सांडलं.

"का? चोराच्या मनात चांदणं?"

"कोण चोर? माझ्या केसाच्या गाठी मारून ठेवलासा तुमी, आनि चोर मी?"

आबांना काही उमगेना. "तुजं केस?"

"मग कुणाचं? ह्या घरात दुसऱ्या कुणाचं हाईत एवढं लांब केस? आईला फोटो धाडला मी. ती म्हणली, केस गाठीत बांधत्यात ती करणीच. दसऱ्याच्या आदी उतरवून घ्यायला पायजे म्हणली. लगीन हून एवढी वरसं झाली, पाळणा हलला न्हाय, लोकं तोंडावर बोलत्यात. ते सोसलो मी. पर तुमी? तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं, मामंजी." एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. बालवाडीतल्या आयांना अंगारेधुपारे करू नका म्हणून सांगणारी बाई, पण केसाच्या गाठीपुढं तिचं शहाणपण टिकलं नव्हतं.

आबा हबकले. आयुष्यभर त्यांनी जगावर संशय घेतला, पण जगानं त्यांच्यावर असा संशय घेतलेला त्यांना ठाऊक नव्हता. दुधाच्या त्या एका पेल्यानंतर कुणाची हिंमतच झाली नव्हती. हा संशय कसा झोंबतो, ते त्यांना आज कळलं.

 त्यांनी कनवटीची किल्ली काढली, हँगिंग उचललं आणि म्हणाले, "ऊठ. गोठ्यात चल."

गोठ्यात त्यांनी गाठीतून डोकावणारं केसाचं टोक सुंद्रीच्या शेपटीला लावून दाखवलं. तसाच काळा, तसाच राठ. "आता वास घे."

संयोगितानं भीत भीत हँगिंग नाकाजवळ नेलं. शेणाचा, पेंडीचा, म्हशीचा वास. ती सुंद्रीकडं बघू लागली, सासऱ्याकडं बघू लागली, आणि डोळ्यांत पाणी असतानाच फिस्सकन हसली. मग हसू तसंच थांबलं.

"पर म्हशीचा केस तरी कशाला बांधलासा?"

आता आली का पंचाईत! आबांनी सुंद्रीच्या पाठीवर उगाच हात फिरवला. पण सांगणं भाग होतं. "तू माज्या गाठी सोडवून नीट करत होतीस. माज्या डोळ्यांनी बघितलंय. तुला धराय म्हणून लावलं."

"व्हय, केलतो," संयोगिता म्हणाली. "आषाढात. तुमी वैतागून सोडून द्याल म्हणून. पर अर्शी मॅडमना सांगितलं, तर त्या माझ्यावरच ओरडल्या. त्यांच्या हाताच्या चुका त्यांच्याच हाताला सुटू द्या म्हणल्या. तवापास्नं हात न्हाय लावला."

"खोटं. म्हागनं केस दिसल्यावर तू त्यो परत अडकवत होतीस."

"मी?" तिचा आवाज चढला. "केस दिसल्यापास्नं मी त्या भिंतीकडनं जातबी नव्हतो! झाडू मारताना तेवढा कोपरा सोडत होतो. मेलो तरी बोट लावलो नसतो तेला, एवढा भ्यालो हुतो मी."

आबांनी हँगिंग दाराच्या उजेडात धरलं. सगळ्यात वर, पहिल्या केसाच्या आधीच्या ओळी नीटस होत्या. त्या सुनेच्या. पहिल्या केसाखाली सगळा आनंद होता, तोंड फिरवलेल्या गाठी, डमरूची कंबर. तिथून खाली खाली काठ सावरत गेला होता, आणि शेवटचा वीतभर पिवळा पट्टा ताठ, सारखा, दावं वळावं तसा उतरला होता. सुनेनं भीतीनं बोट लावलं नव्हतं. सम्राटला गाठ येत नव्हती. घरात चौथं माणूस नव्हतं. आबांनी सगळीकडून विचार करून बघितला, पण संशय घ्यायला कुठं जागाच उरली नव्हती. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, अंगठा आत मुडपला, बोटं आवळली. मूठ झाली.

"पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा तो गल्ली दणाणणारा आवाज एकदम खाली आला. "चुकलं माझं."

"माझंबी," संयोगिता म्हणाली. संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं हँगिंग पुन्हा खिळ्यावर टांगलं आणि केस उपटून टाकू का म्हणून विचारलं. "खबरदार!" आबा ओरडले. आवाज जागेवर आला होता.

दसऱ्याच्या सकाळी पिराजी हेडी घरी आला, तर गोठा रिकामा. सम्राट त्याला घेऊन गंगावेशीत पोचला. कट्ट्यावर सणाची गर्दी, आणि मधोमध सुंद्री. आबा चरवी गुडघ्यांत धरून उकिडवे बसलेले, शेजारी संयोगिता. आबांनी कास धुतली. डावा हात लावला. मग उजवा. सुंद्रीनं मान वळवून मागं बघितलं. तीही त्याच घरातली, संशयानंच बघणार! आबांनी श्वास धरला. अंगठा मुडपला, बोटं हळूहळू आवळली, ताण सारखा ठेवून. नख लागलं नाही. म्हैस थोडी चुळबुळली, शेपटी झाडली, आणि तिनं पान्हा सोडला. चुर्र चुर्र करत चरवीत धार पडू लागली. दोन्ही बाजूंनी, एकसारखी.

पिराजीनं सम्राटच्या कानाशी विचारलं, "म्हस इकायची म्हणत होतासा न्हवं?"

"कोण म्हणालं?" सम्राट म्हणाला.  "दूध पिऊन जावा, पावणं."

चरवीत फेस वर आला, तसे आबा म्हणाले, "पयला पेला पोरीला दे." सम्राटनं पेला भरून बायकोच्या हातात दिला. संयोगितानं तो तोंडाला लावला नाही. उजेडाकडं उंच धरला, एक डोळा बारीक केला आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मामंजी, पाणी न्हाय न्हवं यात?"

कट्टा चिडीचूप झाला. आबांच्या मेव्हण्याची गोष्ट ठाऊक नसलेला तिथं कुणी नव्हता. आबांचे दोन्ही हात धारेत गुंतले होते, म्हणून त्यांनी डोळे सदऱ्याच्या खांद्याला पुसले.

"आसंल की," ते म्हणाले. "आज पडलं आसंल थेंबभर. पी गप."